नमुना नामंजूर

सरकारी कचेरीत ज्याने आपले उभे आयुष्य दुसऱ्यांच्या अर्जांतील उणिवा हुडकण्यात घालविले, 'तिकीट अपुरे, परत', 'सही जुळत नाही, परत', 'उताऱ्यावरील शिक्का पुसट, परत' असे शेरे तांबड्या शाईने मारताना ज्याच्या मनगटाला कधी कंप सुटला नाही, अशा इसमास निवृत्तीनंतर नियती कोणत्या खिडकीपुढे उभी करील याचे भविष्य कोणत्याही ज्योतिष्याने वर्तविले नसते. भालकीच्या तहसील कचेरीतून मी शिरस्तेदार म्हणून सन्मानाने निवृत्त झालो, आणि निरोपाचा हार सुकतो न सुकतो तोच माझ्या हृदयाने इतक्या वर्षांची शिस्त मोडून मन मानेल तेव्हा ठोके देण्यास प्रारंभ केला. अशा हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूकडे प्रयाण करण्याचा संभव असतो. सबब हृदयरोगतज्ज्ञांनी रक्त पातळ ठेवणारी गोळी लिहून दिली आणि त्या गोळीसोबत एक आजन्म हजेरीही लावून दिली. ठरल्या मुदतीत 'पीटी-आयएनआर' नामक तपासणी करवून घ्यावी आणि आकडा २ ते ३ यांच्या दरम्यान असल्याचा दाखला रुजू करावा.

आकडा खाली घसरला तर गुठळीचे भय, फार वर चढला तर रक्तस्रावाचे. एवढ्या अरुंद हद्दीत अंग चोरून राहणे हे सरकारी नोकरीत केस पिकलेल्या माणसाला मुळीच कठीण नाही. कठीण आहे ते हे, की दाखल्यावरचा आकडा माझ्या रक्ताचा असतोच असे नाही. तो कधी सुईचा असतो, कधी नळीचा, कधी बर्फाचा, तर कधी रक्त काढणाऱ्याच्या फोनचा. नाव मात्र प्रत्येक वेळी माझे असते.

या तपासणीच्या पोटातच एक अजब तिढा आहे. रक्त किती वेळात गोठते हे पाहावयाचे, पण त्यासाठी ते प्रयोगशाळेच्या दारापर्यंत न गोठता आले पाहिजे. एकदा खिडकीतल्या तरुणाने माझी नळी तिरकी करून उजेडात धरली आणि तिच्या तळाशी बसलेला काळसर गोळा मला दाखवला.

"काका, सँपल क्लॉट झालंय. परत द्यावं लागेल."

"अहो, क्लॉट होतं की नाही हेच तर पाहायचं होतं ना? झालं की!"

"तसं नाही चालत काका. आमच्यासमोर व्हायला पाहिजे."

या उत्तराने मी निरुत्तर झालो, इतकेच नव्हे तर मनोमन सुखावलोही. ज्या गोष्टीचा पंचनामा व्हावयाचा ती पंचांसमक्षच घडली पाहिजे, हे तत्त्व आमच्या कचेरीबाहेर कोणी इतक्या निष्ठेने पाळीत असेल असे मला वाटले नव्हते.

या तपासणीचा पाया अमेरिकेतील आर्मंड क्विक यांनी १९३५ साली घातला. रक्तातील पेशी खाली बसवाव्या, वर उरलेल्या पिवळसर प्लाझ्मात थ्रोम्बोप्लास्टिन आणि कॅल्शियम घालावे आणि किती सेकंदांत गुठळी धरते ते पाहावे, एवढाच तो विधी. पुढे निरनिराळ्या कारखान्यांच्या थ्रोम्बोप्लास्टिनने एकाच माणसाचे निरनिराळे सेकंद निघू लागले, तेव्हा १९८३ साली जागतिक आरोग्य संघटनेने सर्वांना एका मापावर आणणारे गुणोत्तर मुक्रर केले. तेच आयएनआर. बिदरचा आकडा बोस्टनमध्ये वाचला तरी त्याचा अर्थ बदलू नये, असा तो विश्वबंधुत्वाचा संकल्प होता. त्या गुणोत्तरात थ्रोम्बोप्लास्टिनच्या स्वभावाचा चोख हिशेब धरलेला आहे. रक्त काढणाऱ्याच्या स्वभावाचा हिशेब धरण्याचे मात्र राहून गेले.

माझ्या गोळीच्या कुळाचा इतिहास तर याहून रंजक आहे. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेतील गुरे बुरशी चढलेली गोड क्लोव्हर गवताची वैरण खाऊन रक्तस्रावाने मरू लागली. फेब्रुवारी १९३३ मधील एका शनिवारी विस्कॉन्सिनचा एक शेतकरी मेलेली कालवड, वैरणीचा भारा आणि न गोठलेल्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन गाडीत घालून, हिमवादळातून सुमारे ३०० किलोमीटर अंतर काटून मॅडिसनला पोहोचला. पशुवैद्यकाची कचेरी शनिवारमुळे बंद होती, म्हणून तो सापडेल त्या दारात शिरला आणि कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत येऊन ठेपला. लिंक यांच्या चमूने १९३९ साली त्या वैरणीतील द्रव्य वेगळे काढले, त्याच्या एका भावंडाचे १९४८ साली 'वॉर्फरिन' या नावाने उंदीर मारण्याचे औषध झाले, आणि १९५४ मध्ये तेच औषध माणसांसाठी मंजूर झाले.

हा पूर्वेतिहास मी मोठ्या उत्साहाने घरी कथन केला. सौभाग्यवतींनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि एवढेच विचारले, "म्हणजे तुम्हाला डॉक्टर उंदराचं औषध देतात?" दुसऱ्या दिवसापासून गोळ्यांची डबी देवघराच्या फडताळातून निघून ज्वारीच्या कणगीशेजारी गेली. तिचा दुहेरी उपयोग व्हावा, असा त्यांचा हेतू असावा.

मला मात्र राहून राहून त्या दुधाच्या कॅनचे नवल वाटते. त्यावर नाव नाही, वेळ नाही, आत सायट्रेट नाही, प्रमाण नाही, वर सुटीचा दिवस. इतका बेकायदा नमुना रक्तविज्ञानाच्या दप्तरात दुसरा नसेल. तरीही तो दाखल करून घेतला गेला आणि त्यातून जगास औषध मिळाले. आमची २.७ मिलिलीटरची नळी मात्र 'क्वांटिटी नॉट सफिशियंट' असा शेरा घेऊन परत येते.

त्या नळीचे झाकण फिकट निळे असते. आत आधीपासूनच ३.२ टक्के सोडियम सायट्रेटचे ०.३ मिलिलीटर द्रावण असते आणि त्यात बरोबर २.७ मिलिलीटर रक्त पडावयाचे असते, म्हणजे नऊ भाग रक्तास एक भाग सायट्रेट. गोठण्याच्या क्रियेस कॅल्शियम अपरिहार्य. सायट्रेट त्या कॅल्शियमला अटकेत ठेवते, म्हणून रक्त वाटेत गोठत नाही, आणि प्रयोगशाळेत मोजके कॅल्शियम घातले की गोठण्याचे काम पुन्हा सुरू होते. रक्त कमी पडले तर शिलकी सायट्रेट हे नवे कॅल्शियमही जप्त करते, गोठण्यास उशीर लागतो आणि आकडा विनाकारण फुगतो. रक्त जास्त झाले तर सायट्रेट अपुरे पडून नळीतच गुठळी होण्याची भीती. नळी खुणेच्या निदान नव्वद टक्के तरी भरलेली असावी असा नियम आहे. आणि नियम म्हटला की माझा जीव हरखतो, फक्त तो दुसऱ्यास लागू असावा.

माझ्या शिरा सुई दिसताच परागंदा होतात. रक्त घेण्यास येणारा पोरगा मोठा मायाळू. "चाचा, हात ढीला छोडो, कुछ नै होता," असे म्हणत तो दंडाला पट्टा आवळतो. हा पट्टा एका मिनिटापेक्षा अधिक वेळ ठेवू नये असे शास्त्र सांगते, कारण तुंबलेल्या रक्तात गोठण्याची पूर्वतयारी सुरू होते. परंतु पट्टा आवळला की त्याच्या खिशातील फोन वाजलाच पाहिजे, असाही एक निसर्गनियम आहे. "हां भाई, इधरीच हूं, बोल," येथपासून आरंभ होऊन भावाच्या म्हशीचा सौदा मोडल्याची हकीकत संपेपर्यंत माझी बोटे बिदरी सुरईच्या रंगाची झालेली असतात. मग तो फुलपाखरू नावाची बारीक सुई काढतो. तिला लांब नळी असते आणि त्या नळीत हवा असते. ती हवा प्रथम निळ्या झाकणाच्या नळीत शिरते आणि तेवढे रक्त कमी येते. म्हणून आधी एक नळी टाकण्यापुरती भरावी असा दंडक आहे. "फुकट कायकू खून घालना चाचा?" हे त्याचे म्हणणे कोणत्याही काटकसरी माणसास पटण्याजोगे असल्याने मीही ते दर वेळी मान्य करतो.

परिणामी एके दिवशी आकडा ५ च्याही वर गेला. डॉक्टरांनी फोनवरून गोळी थांबवण्यास, दाढी जपून करण्यास आणि पुन्हा रक्त देण्यास फर्मावले, आणि घरात माझ्यावर रीतसर खटला उभा राहिला. हिरव्या पालेभाजीतील के जीवनसत्त्व या गोळीच्या उलट काम करते, सबब पालेभाजी बंद न करता नेहमी सारख्या प्रमाणात खावी, हे डॉक्टरांनी सांगितलेले वाक्य आमच्या आप्तांनी आपसांत वाटून घेतले आहे. कोणाकडे पूर्वार्ध आहे, कोणाकडे उत्तरार्ध. आकडा चढला की मेथी-अंबाडी टाळल्याचा आरोप, आणि उतरला की वेळ अमावस्येला शेतात बसून भज्जी, उंडे आणि आंबील यांवर मर्यादेबाहेर ताव मारल्याचा आरोप. साक्षीदार तेच, न्यायाधीश तेच, आणि उभय पक्षी आरोपी मी. नळी खुणेपर्यंत भरली होती काय, हा मुद्दा त्या न्यायासनापुढे कधी निघालाच नाही.

तेव्हापासून खुणेबाबत तो पोरगा इतका दक्ष झाला, की एका खेपेस निळी नळी अर्ध्यावर अडकताच त्याने शेजारच्या जांभळ्या झाकणाच्या नळीतील रक्त तिच्यात ओतून ती खुणेपर्यंत आणली आणि विजयी मुद्रेने म्हणाला, "देखो, बराबर!" जांभळ्या नळीत ईडीटीए असते आणि तेही कॅल्शियमच पकडते, एवढेच नव्हे तर सायट्रेटपेक्षा घट्ट पकडते. याच कारणास्तव निळी नळी आधी आणि जांभळी नंतर भरावी असा क्रम घालून दिलेला आहे. एका नळीतले दुसरीत ओतल्याने अपुरे पूर्ण दिसते आणि आकडा पुन्हा आकाशाकडे धाव घेतो. मार्चअखेर एका शीर्षाखालची रक्कम दुसऱ्या शीर्षाखाली वळवून खर्च पूर्ण दाखविणारे अनेक सद्गृहस्थ मी सेवाकाळात पाहिले होते. हे शास्त्र शरीरातही चालते हे नव्याने कळले.

नळी भरल्यावर ती तीन-चार वेळा हलकेच उलटसुलट करावी, म्हणजे रक्त आणि सायट्रेट एकजीव होतात, असेही विधान आहे. तथापि खोकल्याच्या बाटलीवरील 'घेण्यापूर्वी हलवा' ही सूचना वाचत जी पिढी लहानाची मोठी झाली, तिच्या हाती नळी आली की ती पूर्ण ताकद लावते. तांबड्या पेशी फुटतात, बिंबाणू खवळतात, प्लाझ्मा गुलाबी होतो, आणि ज्या यंत्रास प्रकाशाची तिरीप सोडून गुठळी ओळखावयाची असते ते गोंधळात पडते. आदल्या रात्री लग्नघरी तुपाची धार धरून हुग्गी हाणली असेल तर प्लाझ्मा दुधट होतो तो निराळाच. एकदा तर प्रयोगशाळेतील बाईंनी नळी पाहताक्षणीच विचारले, "काका, काल कुणाचं लग्न होतं?"

यानंतर प्रवास. आमच्या बाजूच्या लहान गावांतील नमुने मोठ्या शहरी जातात, आणि जाताना त्यांच्यावर मायेचा वर्षाव होतो. गोठण्याच्या या तपासणीचे रक्त साध्या खोलीच्या तापमानात चोवीस तास टिकते. ते बर्फात ठेवू नये, कारण थंडीने रक्तातील सातवा घटक चेकाळतो आणि आकडा खोटाच खाली येतो. पण ज्या वस्तूला मोल आहे ती बर्फात ठेवावी ही आमची उपजत श्रद्धा. त्यामुळे माझे रक्त एका मोटारसायकलच्या हॅण्डलला, दुधाच्या पिशव्यांच्या सहवासात, बर्फाच्या खड्यांवर पहुडून राष्ट्रीय महामार्गाने गेलेले आहे. बरे, बर्फ नको म्हणावे तर खोलीचे तापमान म्हणजे शास्त्राच्या लेखी १८ ते २५ अंश. सुमारे २२०० फुटांच्या पठारावर वसलेले आम्ही बिदरकर हा आकडा वर्षातील काही महिने तरी छातीठोकपणे दाखवू शकतो. माझे साडू कलबुर्गीस असतात. तेथे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडून जातो. हा नियम मी त्यांना वाचून दाखविला तेव्हा त्यांनी कपाळावरचा घाम पुसत, अत्यंत गंभीरपणे विचारले, "कुणाच्या खोलीचं तापमान, तेवढं लिहिलंय का त्यात?"

नाव-पत्त्याचा गोंधळ तर या भूमीचा जन्मसिद्ध हक्क आहे. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत जुना बिदर जिल्हा चिरला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले आणि भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद इकडे राहिले. तेव्हापासून आमच्याकडे अर्ज कानडीत, रोगी मराठीत, सुई दखनीत आणि अहवाल इंग्रजीत असतो. एका सकाळी बाईंनी "पाटील कोण?" असा पुकारा केला आणि बाकावरील निम्मी मंडळी उभी राहिली, उरलेल्या निम्म्यांत एक पाटील होते, पण त्यांना ऐकू येत नव्हते. प्रयोगशाळांच्या चुकांचा ज्यांनी हिशेब मांडला आहे ते सांगतात, की निम्म्याहून अधिक चुका रक्त यंत्रात जाण्यापूर्वीच होऊन गेलेल्या असतात. बिचारे यंत्र मिळेल ते रक्त निमूटपणे मोजते आणि आकडा दशांशासह छापून देते. दशांश पाहिला की आमच्या लोकांची श्रद्धा दृढ होते.

माणसाला एखादी वस्तू काही काळ जागच्या जागी, हात न लावता राहू देता येत नाही, याचा पुरावा मला तुरीच्या राशीच्या दिवसांत एका सरकारी दवाखान्यात मिळाला. शेतात एका गड्यास साप चावला होता. घोणस किंवा फुरसे यांच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती नष्ट होते. ती शाबूत आहे की नाही हे पाहण्याची खेड्यापाड्यांतील चाचणी अगदी बिनखर्ची आहे. नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २ मिलिलीटर रक्त घ्यावे, वीस मिनिटे स्वस्थ ठेवावे आणि मग एकदाच तिरके करून पाहावे. रक्त वाहिले तर विष भिनले. नळी काचेचीच हवी, कारण गोठण्याला चालना देणारा स्पर्श काचेचा असतो, प्लॅस्टिकचा नसतो. आणि ती साबणाने धुतलेली नसावी, नाहीतर निरोगी माणसाचेही रक्त गोठत नाही आणि सशक्त गड्यास विनाकारण सर्पविषाची लस टोचली जाते.

"वीस मिनिटं कुणी हात लावायचा नाही," असे बजावून सिस्टर वळल्या मात्र, गड्याच्या मामाने नळी उचलली.

"बघू दे की जरा, झालं का."

ती मामाकडून चुलत्याकडे, चुलत्याकडून सरपंचांकडे आणि सरपंचांकडून, निवृत्त अधिकारी म्हणून, माझ्याकडे आली. सिस्टरनी ती आमच्या हातातून काढून घेतली, गड्याचे रक्त नव्या नळीत नव्याने घेतले, ती नळी औषधाच्या कपाटात ठेवून कपाटास कुलूप लावले आणि किल्ली कंबरेला खोचली. कुलूपबंद सरकारी कपाटाचा इतका शास्त्रशुद्ध उपयोग मी सेवाकाळात पाहिला नव्हता. बरोबर विसाव्या मिनिटास नळीत घट्ट गोळा बसलेला निघाला. पुढे रात्रभर दर काही तासांनी तोच विधी झाला, दर वेळी गोळा बसला, आणि दुसऱ्या दिवशी गडी चहा मागू लागला. सरपंचांनी मात्र बाहेर आल्यावर नळी आपण अगदी वेळेवर हलवली होती असे जाहीर केले.

अशा अनुभवांती माझे मत असे बनले आहे, की रक्ताच्या संबंधात मला आजवर मिळालेला सर्वांत सच्चा कागद म्हणजे 'नमुना अयोग्य, पुन्हा पाठवावा' असा शेरा असलेला. बाकीचे आकडे कोणाचे होते कोण जाणे. त्या शेऱ्यात मात्र खोटे काही नव्हते. अर्ज परत करणाऱ्या माणसाकडे सारा गाव वाकड्या नजरेने पाहतो आणि काहीही मंजूर करणाऱ्यास दयाळू म्हणतो, हे दुःख मी इतकी वर्षे एकट्याने भोगले होते. प्रयोगशाळेतील त्या बाईंच्या रूपाने मला माझ्या पंथाचे माणूस भेटले. मागील खेपेस नळी अर्धी भरलेली पाहून त्यांनी ती नाकारली तेव्हा सोबत उदगीरचे मेहुणे होते. लातूरखेरीज अन्यत्र रक्त तपासणे हा कमीपणा आहे असे त्यांचे मत; तरी माझ्याखातर त्यांनी रदबदली केली.

"मॅडम, एवढ्या लांबून आलोय. काहीतरी आकडा द्या की."

"नळी कमी भरलीय हो. आकडा चुकीचा येईल."

"थोडासा चुकीचा चालेल."

बाईंनी मान हलवली आणि शिक्का मारला. तो कागद घडी घालून मी घरी आलो, तो शेजारचे अण्णा कट्ट्यावर वाटच पाहत बसलेले. त्यांना मी सायट्रेटचे प्रमाण, पट्ट्याचे मिनिट, जांभळ्या नळीचा अपराध आणि बर्फाचा निषेध हे सारे क्रमवार, दाखल्यानिशी समजावून सांगितले. त्यांनी एकाग्र चित्ताने ऐकले, तंबाखूची गोळी दाढेत सारली आणि विचारले, "ते सगळं खरं साहेब, पण रिपोर्ट काय आला?"

"नामंजूर."

"हां, म्हणजे नॉर्मल!" असे म्हणून अण्णांनी समाधानाने माझी पाठ थोपटली, आणि संध्याकाळपर्यंत ही आनंदाची वार्ता साऱ्या आळीत पोहोचवली.